डाळिंब, लोखंड आणि पन्नासावी बाटली

"दीड महिना द्या मला! रक्ताचा पूर आणून दाखवतो, पूर!"

रक्तपेढीच्या दारात छाती पुढे काढून मिनिटरावांनी अशी घोषणा केली, तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन होतं अकरा पूर्णांक आठ. रक्त द्यायला लागतं साडेबारा. म्हणजे पुराचं नंतर बघू, आधी ओढ्यालाच पाणी कमी होतं.

"काका, पूर आणा, पण आधी डॉक्टरांना दाखवा," रक्तपेढीतली सिस्टर म्हणाली. "आणि वाढदिवस कधी तुमचा?"

"बेचाळीस दिवसांनी. पासष्ट पूर्ण!"

"मग त्याच्या आत या. पासष्टनंतर आम्ही रक्त घेत नाही."

मिनिटरावांचा चेहरा खर्रकन उतरला. कारण तोवर त्यांनी एकोणपन्नास वेळा रक्त दिलं होतं. एकोणपन्नास! एक बाटली राहिली होती (हल्ली पिशवी असते, पण म्हणायचं बाटलीच), आणि ती दिली की रक्तपेढीच्या भिंतीवर फोटो लागणार होता. त्या भिंतीवर त्यांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचा फोटो सहा वर्षांपूर्वीच लागला होता. मेहुणा बेकरीवाला. फोटोत असा हसत होता की सगळे बत्तीस दात मोजून घ्यावेत.

फोटोसाठी जीव टाकतोय असं मिनिटराव जगाला सांगत. खरं कारण निराळं होतं. तीस वर्षांपूर्वी बायकोचं बाळंतपण अवघड झालं आणि तिला रक्त चढवावं लागलं. हे दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून होते. एकामागून एक चार अनोळखी माणसं आली, बाह्या वर केल्या, आत गेली, दंडावर कापूस दाबत बाहेर आली आणि आपापल्या कामाला निघून गेली. एकानेही नाव सांगितलं नाही. बायको वाचली, मुलगी वाचली. त्या दिवशी मिनिटरावांनी मनाशी पन्नास हा आकडा धरला आणि कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. असा हा माणूस होता, आणि पुढे त्याने जो गोंधळ घातला तो वाचताना एवढं लक्षात असू द्या.

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते बस डेपोत वेळापत्रकं बनवत. अमुक बस तमुक वाजता सुटेल, हे ज्या माणसाने ठरवलं तो हा. निवृत्त झाले तरी घरी दात घासण्याला तीन मिनिटं आणि वर्तमानपत्राला बावीस, हे चालूच. डेपोत त्यांचं नाव दुमदुमलं ते एका कल्पनेमुळे. एकाच रस्त्याने दोन अर्ध्या रिकाम्या गाड्या धावताना दिसल्या की ते त्या दोन्ही रद्द करत आणि एकच भरलेली गाडी सोडत. साहेबांनी शाल घालून सत्कार केला होता. ती कल्पना डोक्यात इतकी मुरली होती की घरातसुद्धा दोन अर्धी कामं दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचा अहवाल पाहिला आणि म्हणाले, "इतकी वर्षं रक्त देताय, शरीरातला लोहाचा साठा कमी झालाय. लोहाचं टॉनिक घ्या, दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. रक्तदाबाची गोळी चालूच ठेवा. दुसरं काही घेता का?"

"काही नाही!"

"घ्यावंसं वाटलं तर आधी मला विचारा."

"अर्थात!" मिनिटराव म्हणाले. आणि खरोखरच त्या क्षणी ते दुसरं काही घेत नव्हते. घ्यायला लागले त्यानंतर बरोबर अकरा मिनिटांनी, औषधाच्या दुकानात.

टॉनिकची बाटली घेताना शेजारच्या फळीवर त्यांना दुसरी एक बाटली दिसली. लालभडक. वर फुटलेलं डाळिंब, दाणे असे की आता टपकतील. डाळिंबाच्या सालीचा अर्क, साठ कॅप्सूल. मिनिटरावांनी चष्मा लावून मागचा मजकूर वाचला आणि ते जागच्या जागी प्रेमात पडले.

घरी येऊन त्यांनी बायकोला तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

"ऐक! हृदयाला उपयुक्त. रक्तवाहिन्यांना उपयुक्त. सांध्यांना! स्मरणशक्तीला! अगं, हे फळ आहे की जिल्हाधिकारी? सगळी खाती याच्याकडेच!"

बायको रंगारीण. घरामागच्या शेडमध्ये तिचे हंडे, चुली, दोऱ्या. सालीपाल्यातून रंग काढून ती सूत रंगवायची आणि विणकर तिच्याकडे रांग लावायचे. कमी बोलायची. हात कोपरापर्यंत कधी पिवळे, कधी निळे. तिने रंगवलेल्या कापडाला दहा वर्षं उन्हात टाका, रंग हलायचा नाही. सध्या मात्र तिची झोप उडाली होती. एका नाटकमंडळीने पडद्यासाठी काळं सूत मागितलं होतं आणि काळा काही जमत नव्हता. दर वेळी हंड्यातून निघायचा उंदरासारखा करडा.

"फळ खा की," ती म्हणाली. "माझ्याकडे सालींसाठी आणलेली टोपलीभर डाळिंबं आहेत. दाणे मी एकटी किती खाऊ?"

"फळ म्हणजे पॅसेंजर! प्रत्येक स्टॉपवर थांबणार. कॅप्सूल म्हणजे थेट गाडी!"

"त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

"बारीक अक्षरात कंपनीचा पत्ता असतो," मिनिटराव म्हणाले आणि बाटली फळीवर ठेवली.

बारीक अक्षरात लिहिलं होतं की नियमित औषधं चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता झालं काय, की टॉनिक दिवसातून दोनदा आणि कॅप्सूलही दोनदा. मिनिटरावांनी वहीत तक्ता काढला. चार वेळा उठायचं, चार वेळा चमचा नाहीतर पेला धुवायचा. शिवाय कॅप्सूल बोराएवढी, घशाखाली उतरेना. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं आणि चौतीस वर्षांचा अनुभव आतून गदगदून वर आला. एकच रस्ता, म्हणजे घसा! आणि दोन अर्ध्या रिकाम्या गाड्या!

त्यांनी कॅप्सूल उघडल्या, एक नाही, साठच्या साठ, आणि आतली भुकटी टॉनिकच्या बाटलीत ओतली. झाकण लावून खळखळ हलवली. तपकिरी टॉनिक बघता बघता काळंकुट्ट झालं.

"वा!" मिनिटराव स्वतःशीच म्हणाले. "काय घट्ट झालंय! ताकद उतरली!"

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. चव अशी की जीभ आत ओढून टाळूला चिकटावी. पण तोंड वाकडं करतील तर मिनिटराव कसले! औषध जितकं कडू तितकं इमानदार, असं त्यांचं मत होतं. मिशीला लागलेलं नॅपकिनने पुसायचे आणि नॅपकिन खुर्चीच्या पाठीवर टाकायचे.

बाराव्या दिवशी चमत्कार झाला. सकाळी दाढी करताना त्यांना आरशात दिसलं की आपली पांढरीशुभ्र मिशी काळी व्हायला लागली आहे! वरून पांढरी होती अजून, पण ओठांच्या बाजूची किनार काळीभोर!

"अगं!" ते ओरडले. "मुळापासून नाही, टोकापासून सुरुवात झाली!"

"कशाला?" बायको शेडमधून ओरडली.

"तारुण्याला!"

बायकोचा हंडा उतू जात होता, तिने ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी बागेतल्या बाकावर मिनिटरावांभोवती गर्दी! सगळी निवृत्त मंडळी, सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या. एकेक जण वाकून मिशी पाहतोय.

"रंग लावलाय."

"शपथेवर सांगतो, केसाला कलप शिवलेला नाही! डाळिंब! नुसतं डाळिंब!"

"आणि रक्त वाढलं?"

"अहो, रक्त वाढल्याशिवाय मिशीपर्यंत पोचेल का?"

हा युक्तिवाद सगळ्यांना पटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत औषधाच्या दुकानातल्या लाल बाटल्या संपल्या! मेहुण्याने दोन नेल्या. मेहुण्याच्या डोक्यावर केस नव्हतेच, पण आशा होती.

अठराव्या दिवसापासून मिनिटरावांना खुर्चीतून उठताना गरगरायला लागलं. पोट गच्च. आणि एकविसाव्या दिवशी सकाळी संडासात त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काळं! डांबरासारखं काळं! त्यांनी कुठेसं वाचलं होतं की असं काळं दिसलं म्हणजे आत रक्तस्राव होतोय. आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढली. जीभ काळी. दात काळे!

आपण आतून संपत चाललोय, हे मिनिटरावांनी ओळखलं. मिशी नव्हे, आपणच काळवंडतोय!

सांगावं कोणाला? डॉक्टरांना सांगितलं की ते तपासण्या काढणार, आणि मग कुठली रक्तपेढी आणि कुठली बाटली! नाही, आधी पन्नासावी द्यायची, मग काय व्हायचं ते होवो. रक्तस्राव होणाऱ्या माणसाने रक्तदान करायला निघावं, यात काही विसंगती आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. घाबरलेल्या माणसाच्या डोक्याला ब्रेक नसतो.

त्यांनी तोंड मिटून वावरायला सुरुवात केली. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते बायकोला समजावून सांगितलं. गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला. मुलीला फोन करून विनाकारण विचारलं, "तू लहानपणी मी आणलेल्या लाल चपला तुला आवडल्या होत्या ना?" मुलगी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, ती वर्गात होती. तिला काही कळेना.

आणि त्याच सुमाराला बायको एकदम प्रेमळ झाली! तीस-बत्तीस वर्षांत जी बाई "जेवा आता" यापलीकडे लाडाचं बोलली नव्हती, ती चहा हातात आणून द्यायला लागली. पाठीशी उशी ठेवली. ते पेपर वाचत असताना दारात उभी राहून त्यांच्याकडे टक लावून बघायची आणि गालातल्या गालात हसायची. एकदा तर जवळ येऊन म्हणाली, "तोंड उघडा बघू." त्यांनी मान हलवून ओठ आणखी घट्ट मिटले, तर तिने मायेने त्यांच्या मिशीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि निघून गेली.

हिला कळलंय, मिनिटरावांनी ओळखलं. बिचारी! आतून तुटत असेल आणि वरून हसतेय. केवढी सोशीक बाई!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्यांना शेडमध्ये बोलावलं आणि स्टुलावर बसवलं. स्वतः समोर उभी राहिली, हात पदराला पुसत.

"तुम्ही बोलला नाहीत," ती म्हणाली, "पण मला कळलंय."

"कधी कळलं?" मिनिटरावांनी विचारलं.

"चार दिवस झाले. नॅपकिन पाहिला तेव्हा."

"मला तुला त्रास द्यायचा नव्हता गं."

"त्रास कसला! मला किती आनंद झाला म्हणून सांगू!"

मिनिटराव चमकले. "आनंद?"

"मग? इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते तुम्ही गुपचूप करताय!"

"इतकी वर्षं वाट बघत होतीस?" मिनिटरावांचा आवाज चिरकला.

"पंचवीस वर्षं! मी नॅपकिन साबणात उकळला, उन्हात टाकला, दगडावर आपटला. हलत नाही! असं पक्कं काम मी बघितलं नाही. आता एवढंच सांगा, केव्हा पूर्ण होणार? मंडळी मागे लागलीयेत."

"कोण मंडळी?"

"नाटकवाले!"

मिनिटराव स्टुलावरून उठले, गरगरले, पुन्हा बसले. डोळ्यांत पाणी. "माझ्या मरणाशी नाटकवाल्यांचा काय संबंध?"

"मरण?" बायको म्हणाली. "मी काळ्या रंगाबद्दल बोलतेय! तुम्ही माझ्यासाठी काळा शोधून काढलात ना? नॅपकिनवर रंग लावून बघत होतात ना?"

मग सगळं बाहेर पडलं. काळी जीभ, गरगरणं, संडास, भिंतीवरचा गॅसवाल्याचा नंबर. बायको ऐकत होती. प्रेमळपणा हळूहळू चेहऱ्यावरून उतरला आणि जुनी, ओळखीची बाई परत आली.

"बाटली आणा."

त्यांनी ती काळी बाटली आणली. तिने वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला, एक सुताच्या लडीवर टाकला. लड काळीभोर झाली. तिने कपाळाला हात लावला.

"डाळिंबाची साल आणि लोखंड! अहो, मी हंड्यात हेच करते! साल लोखंडाला धरते आणि सोडत नाही, म्हणून तर रंग टिकतो! तुम्ही पोटात हंडा लावलात!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या टॉनिकातलं लोखंड सालीने धरून ठेवलं. रक्तात जायला उरलं कुठे? तुमचं सगळं लोखंड मिशीला लागलंय!"

काय सांगावं, मिनिटरावांना त्या क्षणीसुद्धा तिचं कौतुक वाटलं. डॉक्टर नाही, कॉलेज नाही, एक थेंब जिभेवर ठेवून बाईने निदान केलं! चौतीस वर्षं ज्या डोक्याचा सत्कार झाला ते बाटली खळखळ हलवत बसलं होतं.

ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे निघाली, तर दारातच मेहुणा भेटला. चेहरा पडलेला, हात पोटावर.

"भावोजी, मला तर जुलाबच लागलेत! केस एक नाही!"

"दादा, तूही चल," बहीण म्हणाली, आणि दोघांना शाळेतल्या मुलांसारखं पुढे घालून घेऊन गेली.

डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्तदाब पाहिला, मिशी पाहिली. मिशीजवळ जरा जास्त वेळ थांबले. मग बोलले.

"घाबरू नका. लोह घेतलं की शौचाला काळं होतंच. तरी खात्रीसाठी एक तपासणी करतो. गरगरतंय ते वेगळं. डाळिंबाचा अर्क रक्तदाब थोडा उतरवू शकतो आणि तुम्ही रक्तदाबाची गोळीही घेताय. दोन्ही मिळून खाली ओढताहेत. मी म्हणालो होतो ना, आधी विचारा?"

"विचारणार होतो. अकरा मिनिटं उशीर झाला."

"म्हणजे डाळिंब वाईट?" मेहुण्याने विचारलं.

"छे! डाळिंबासारखं फळ नाही!" डॉक्टरांचा चेहरा खुलला. "मी स्वतः रोज वाटीभर दाणे खातो. हृदयासाठी चांगलं असावं असं काही अभ्यास सांगतात. पण फळ म्हणजे औषध नव्हे, आणि अर्क म्हणजे फळ नव्हे. त्यात साल आटवून भरलेली असते. रक्तदाबाची, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. लोहाबरोबर तर एका वेळी नकोच, दोन-तीन तासांचं अंतर हवं. आणि तुम्ही कशासाठी घेताय?"

"केसांसाठी," मेहुणा हळूच म्हणाला.

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन आहे ना पुढच्या आठवड्यात?"

"हो."

"ते पुढे ढकला. असल्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी बंद लागतात. भूल देणाऱ्याला सांगितलं होतंत?"

"भूल देणाऱ्याला केसांचं काय सांगायचं!"

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले आणि नवीन चिठ्ठी लिहिली. टॉनिक एकटंच, सकाळ-संध्याकाळ, नळीने प्यायचं म्हणजे दात काळे होणार नाहीत. दाणे दुपारी, हवे तेवढे. कॅप्सूल बंद.

"पण दिवस एकोणीसच उरलेत," मिनिटराव म्हणाले. "होईल साडेबारा?"

"सांगता येत नाही. रक्ताला वेळापत्रक नसतं."

मिनिटरावांना असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं.

पुढचे एकोणीस दिवस त्या घरात जे पथ्य पाळलं गेलं ते बघण्यासारखं होतं. बायकोने टॉनिकची बाटली स्वतःच्या कमरेला किल्लीसारखी बांधली, म्हणजे अगदी खरंच, दोरीने. सकाळी ती स्वतः नळी धरून उभी. दुपारी वाटीभर दाणे सोलून पुढ्यात. ते खाताना मिनिटराव रोज नव्याने थक्क व्हायचे. "काय फळ आहे गं! किती निगुतीने भरलंय! एक जागा रिकामी नाही!" वेळापत्रकवाल्या माणसाला यापेक्षा मोठी स्तुती येत नाही. गरगरणं थांबलं. तपासणी स्वच्छ आली. बागेत जाऊन त्यांनी सगळ्यांना बाटल्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्याला हिंमत लागते, कारण मिशी तेव्हा निम्मी पांढरी झाली होती आणि लोक हसत होते.

बायकोचा काळा मात्र जमला! सालीचा काढा तीन दिवस आटवून तिने मिनिटरावांच्या बाटलीएवढा घट्ट केला, मग लोखंडाचं पाणी. नाटकवाले खूश.

शेवटच्या दिवशी, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या सकाळी, मिनिटराव नवा शर्ट घालून रक्तपेढीत हजर. बरोबर बायको. ती कधी आली नव्हती, पण आज आली. सिस्टरने बोटाला टोचलं, थेंब यंत्रात घातला. आकडा आला.

बारा पूर्णांक तीन.

"पुन्हा बघा."

सिस्टर भली, तिने दुसऱ्या बोटाला टोचलं. बारा पूर्णांक तीन.

"काका, वाढलंय तुमचं. छान वाढलंय. पण..."

"नियम आहे," मिनिटराव म्हणाले. "गाडी सुटली की सुटली. दोन पॉइंटांसाठी थांबवायची नसते. मीच लोकांना सांगायचो." आणि एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. चांगलं हुंदका येऊन रडू आलं. मग ते तीस वर्षांपूर्वीच्या व्हरांड्याबद्दल बोलले. चार माणसं, वर केलेल्या बाह्या, मनाशी धरलेला पन्नासचा आकडा. सगळं बायकोसमोर, पहिल्यांदा.

बायकोने पदर खोचला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत काळा झालेला हात सिस्टरपुढे धरला.

"माझं बघा."

"वय किती, काकू?"

"सत्तावन्न. आणि हा रंग आहे, आजार नाही."

टोचलं. तेरा पूर्णांक चार! सिस्टरने बाकीचे प्रश्न विचारले, रक्तदाब पाहिला, तिला रक्त चढवलं होतं त्याला किती वर्षं झाली ते लिहून घेतलं. सगळं बसत होतं.

"आधी कधी दिलं नाहीत, काकू?"

"घरातला एक जण सारखा देत होता. मला कोणी विचारलंच नाही."

ती पलंगावर आडवी झाली. मिनिटराव शेजारी उभे, तिचा दुसरा काळा हात दोन्ही हातांत धरून. नळीतून लाल धार सुरू झाली. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग. तीस वर्षांपूर्वी या बाईच्या अंगात रक्त नव्हतं म्हणून ते बाकावर बसून होते, आणि आज ती कोणा अनोळखी माणसासाठी देत होती. आपल्या एकोणपन्नास बाटल्या एका पारड्यात आणि ही एक दुसऱ्यात, तर काटा कुठे झुकेल हे त्यांना लख्ख कळत होतं.

आठ मिनिटांनी सिस्टरने सुई काढली, कापूस दाबला. "झालं, काकू."

"झालं?" तिने पिशवीकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, एवढंच? एवढ्यासाठी तीस वर्षं घरभर मिरवत होतात?"

"हळू बोल गं," मिनिटराव दाराकडे बघत कुजबुजले, "बाहेर माझ्या ओळखीचे बसलेत."